प्रादेशिक सेनेतील पलटण-बदल आणि राज्यांतर : कोल्हापूरच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

नोकरी, विवाह, शिक्षण वा व्यवसाय यांच्या निमित्ताने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वास्तव्यास जाणाऱ्या नागरिकांमध्ये प्रादेशिक सेनेचे जवान व अधिकारीही असतात. त्यांच्या पलटणीचे पुढे काय होते, सेवेची सलगता कशी टिकते आणि नियोक्ता म्हणून महाविद्यालयाची जबाबदारी कोणती, या प्रश्नांची सुसंगत चर्चा मराठीत फारशी आढळत नाही. प्रस्तुत लेखात कोल्हापूर, पुणे व बेळगाव या त्रिकोणाच्या आधारे हा विषय स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. राज्याची सीमा आणि पलटणीची सीमा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

१. प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्याला सैनिकी परंपरा आहे. शिरोळ तालुक्यातील टाकळी हे गाव 'सैनिक टाकळी' याच नावाने ओळखले जाते. कोल्हापूर संस्थानची स्वतःची राजाराम रायफल्स ही पलटण होती. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ही पलटण मराठा लाइट इन्फंट्रीची एकोणिसावी पलटण म्हणून भारतीय सैन्यात समाविष्ट झाली. राज्य बदलले, निशाण बदलले, परंतु जवानांची सेवा पुढे चालू राहिली. राज्यांतर आणि सैनिकी सेवा यांचा संबंध या जिल्ह्याने असा सामूहिक पातळीवर अनुभवला आहे.

आज हाच प्रश्न वैयक्तिक पातळीवर उभा राहतो. कोल्हापुरात टेंबलाई टेकडीच्या परिसरात प्रादेशिक सेनेची १०९ वी पायदळ पलटण आहे. ती मराठा लाइट इन्फंट्रीशी संलग्न असून सर्वसामान्य कोल्हापूरकर तिला '१०९ टी. ए.' म्हणून ओळखतो. या पलटणीतील एखादा जवान नोकरीसाठी बेळगाव, हैदराबाद किंवा बडोदा येथे गेला, तर त्याचे प्रादेशिक सेनेतील स्थान कायम राहते का, हा प्रश्न केवळ त्याच्या कुटुंबापुरता मर्यादित नाही. तो जेथे नोकरी करतो त्या संस्थेलाही त्याचे उत्तर माहीत असणे आवश्यक आहे. महाविद्यालयांत शिक्षकेतर सेवक, ग्रंथालय परिचर, प्रयोगशाळा सहायक आणि क्वचित प्राध्यापकही या सेनेचे सदस्य असू शकतात.

२. प्रादेशिक सेनेचे स्वरूप

पहिल्या महायुद्धाच्या काळात १९१७ चा भारतीय संरक्षण दल कायदा आला. त्यानंतर १९२० च्या कायद्याने भारतीय प्रादेशिक दलाची स्थापना झाली. विद्यापीठीय प्रशिक्षण दल हा त्याच व्यवस्थेचा भाग होता. स्वातंत्र्यानंतर या दोन शाखा विभक्त झाल्या. विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय छात्रसेना आणि नोकरी-व्यवसायातील नागरिकांसाठी प्रादेशिक सेना अशी दोन स्वतंत्र विधिविधाने १९४८ मध्येच संमत झाली. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी प्रादेशिक सेनेचे औपचारिक उद्घाटन केले. हाच दिवस प्रादेशिक सेना दिन म्हणून पाळला जातो.

या सेनेचे मूळ तत्त्व असे आहे की सदस्याचे उपजीविकेचे साधन नागरी जीवनात असावे आणि राष्ट्राला गरज भासेल तेव्हा त्याने गणवेश धारण करावा. म्हणूनच प्रादेशिक सेना हा उपजीविकेचा पूर्णवेळ व्यवसाय मानला जात नाही. अधिकारी म्हणून प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या उमेदवारासाठी १८ ते ४२ वर्षे वय, पदवी आणि उत्पन्नाचे साधन या अटी आहेत. २०१८ च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर महिलांनाही हे दार खुले झाले.

पलटणींचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. रेल्वे, तेल उद्योग यांसारख्या खात्यांतील कर्मचाऱ्यांच्या तुकड्या खातेनिहाय असतात. पायदळ व पर्यावरण पलटणी खातेनिरपेक्ष असतात. प्रशिक्षणाच्या दृष्टीने नागरी आणि प्रांतिक असाही भेद केला जातो. नागरी पद्धतीत सुटीच्या दिवशी वा सायंकाळी थोडे थोडे प्रशिक्षण वर्षभर चालते, तर प्रांतिक पद्धतीत ग्रामीण भागातील जवान वर्षातून एकदा सलग सुमारे दोन महिन्यांच्या शिबिरासाठी एकत्र येतात. वास्तव्य बदलणाऱ्या जवानाच्या दृष्टीने हा भेद अतिशय महत्त्वाचा आहे. दर आठवड्याला परेडला येण्याची अपेक्षा असेल तर दूर जाणे अशक्य होते. वर्षातून एकदाच यावयाचे असेल तर तीनशे किलोमीटरचे अंतरही अडसर ठरत नाही.

याशिवाय 'एम्बॉडिमेंट' ही संकल्पना समजून घेणे आवश्यक आहे. पलटण वा तिचा काही भाग पूर्णवेळ सेवेत घेतला जातो तेव्हा त्यास एम्बॉडिमेंट म्हणतात. त्या काळात जवानाला नियमित सैन्याप्रमाणे वेतन मिळते व सैन्य कायदा लागू होतो. तो काळ संपला की जवान आपल्या नागरी कामावर परततो.

३. राज्याची सीमा आणि पलटणीची सीमा

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत भूदल, नौदल, वायुदल आणि संघराज्याची अन्य सशस्त्र दले यांचा समावेश आहे. प्रादेशिक सेना ही या अर्थाने संपूर्णपणे केंद्राची आहे. 'प्रादेशिक' या शब्दामुळे ती राज्य शासनाची असावी असा समज होतो, तो चुकीचा आहे. परिणामी जवानाने महाराष्ट्र सोडून कर्नाटकात घर केले, एवढ्याने त्याच्या कायदेशीर स्थितीत कोणताही बदल होत नाही. राज्य सोडण्यासाठी त्याला महाराष्ट्र शासनाची परवानगी लागत नाही आणि कर्नाटक शासनाने त्याला स्वीकारण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

तथापि व्यवहारात अडचण येते, ती पलटणीच्या पातळीवर. जवानाची भरती ही एका विशिष्ट पलटणीसाठी झालेली असते. भरती मेळाव्याच्या वेळी कोणत्या राज्यांतील व जिल्ह्यांतील उमेदवारांनी कोठे यावे, हे ठरवून दिलेले असते. पलटण एका रेजिमेंटशी संलग्न असते आणि त्या रेजिमेंटची भाषा, परंपरा व सामाजिक रचना तिला लाभलेली असते. म्हणून पलटण-बदलाचा विचार करताना राज्य कोणते, यापेक्षा जवळ कोणती पलटण आहे, ती कोणत्या रेजिमेंटची आहे आणि तेथे संबंधित पदाची जागा रिक्त आहे का, हे तीन प्रश्न निर्णायक ठरतात.

कोल्हापूरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. येथून पुणे सुमारे २३० किलोमीटर, तर बेळगाव सुमारे ११० किलोमीटर अंतरावर आहे. पुण्यात प्रादेशिक सेनेची १०१ वी पलटण असून तीही मराठा लाइट इन्फंट्रीशी संलग्न आहे. बेळगावात ११५ वी पलटण असून ती महार रेजिमेंटशी संलग्न आहे. म्हणजे पुण्यास जाणारा जवान राज्यही ओलांडत नाही आणि रेजिमेंटही. बेळगावास जाणारा जवान निम्म्याच अंतरावर जातो, परंतु त्याला राज्य आणि रेजिमेंट दोन्ही बदललेली आढळतात. येथे अडसर राज्यसीमेचा नसून रेजिमेंटचा आहे, हे लक्षात घ्यावयास हवे.

यात इतिहासाचा एक विलक्षण पदर आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. महार रेजिमेंटची पहिली पलटणही १९४१ मध्ये बेळगावातच उभी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, तरी मराठा रेजिमेंटचे केंद्र तेथून हलले नाही. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याचा तरुण आजही सैनिक होण्यासाठी सीमेपलीकडेच जातो. ज्या सीमेवरून गेली अनेक दशके वाद चालू आहे, ती सीमा सैन्याच्या दृष्टीने प्रशासकीय रेषेपलीकडे फारसे महत्त्व बाळगत नाही.

४. तुलनेसाठी : अमेरिका आणि ब्रिटन

अमेरिकेतील नॅशनल गार्ड आणि भारतीय प्रादेशिक सेना यांची अनेकदा तुलना केली जाते. परंतु दोन्हींच्या घटनात्मक पायात मूलभूत अंतर आहे. अमेरिकेत मिलिशियाचे अधिकारी नेमण्याचा हक्क संविधानाने राज्यांकडे ठेवला. १९०३ च्या कायद्याने आणि १९३३ च्या सुधारणेने त्या दलाची केंद्राशी सांगड घातली. त्यामुळे तेथील गार्डचा सदस्य एकाच वेळी आपल्या राज्याचा आणि संघराज्याचाही सैनिक असतो. या दुहेरी स्वरूपावर तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये शिक्कामोर्तब केले.

याचा परिणाम असा की गार्डचा सदस्य दुसऱ्या राज्यात गेला तर त्याची आंतरराज्य बदली करावी लागते. सोडणाऱ्या राज्याने त्याला सशर्त मुक्त करावे लागते आणि स्वीकारणाऱ्या राज्याने त्याच्या प्रशिक्षणास अनुरूप जागा उपलब्ध करून द्यावी लागते. नव्या पलटणीत दाखल होईपर्यंत मूळ पलटणीशी असलेले बंधन सुटत नाही. त्याच देशातील आर्मी रिझर्व्ह हे दल मात्र केवळ केंद्राचे असल्याने तेथे एका तुकडीतून दुसऱ्या तुकडीत जाण्यासाठी दोन राज्यांच्या संमतीचा प्रश्न येत नाही. भारतीय प्रादेशिक सेना ही घटनात्मकदृष्ट्या गार्डपेक्षा या दुसऱ्या दलाच्या अधिक जवळची आहे.

ब्रिटनमध्ये १९०८ साली टेरिटोरियल दल उभे राहिले, तेव्हा त्याच्या व्यवस्थापनासाठी परगणावार मंडळे नेमण्यात आली. २०१४ मध्ये त्या दलाचे नाव 'आर्मी रिझर्व्ह' असे झाले. स्थानिक निष्ठा आणि राष्ट्रीय गरज यांतील ताण तिन्ही देशांत आहे. तो सोडविण्याची रीत मात्र प्रत्येकाच्या राज्यघटनेनुसार निराळी आहे.

५. भारतात राज्यसीमा जेथे अर्थपूर्ण ठरते

राज्यसीमेला भारतात मुळीच महत्त्व नाही, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. चार ठिकाणी तिचा विचार करावा लागतो.

पहिले, पर्यावरण पलटणी. वनीकरणासाठी उभारलेल्या या पलटणींमध्ये प्रामुख्याने त्या त्या राज्यातील माजी सैनिक घेतले जातात. २०१७ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे उभारलेल्या १३६ व्या पर्यावरण पलटणीचा खर्च महाराष्ट्र शासनाने उचलला आहे. निधी राज्याचा असल्याने येथे राज्याचे नाते अधिक घट्ट होते.

दुसरे, होमगार्ड. हे दल सैन्याचा भाग नसून राज्याच्या कायद्याखाली चालते. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईत त्याची सुरुवात झाली आणि १९४७ चा मुंबई होमगार्ड कायदा त्यास आधारभूत ठरला. कर्नाटकातील दल १९६२ च्या स्वतंत्र कायद्याखाली आहे. त्यामुळे कागलचा होमगार्ड निपाणीस राहावयास गेला, तर त्याची सेवा एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात आपोआप वर्ग होत नाही. त्याला नव्याने नोंदणी करावी लागते.

तिसरे, राष्ट्रीय छात्रसेना. हिचा कायदा केंद्राचा असला तरी खर्चात राज्यांचा वाटा असतो आणि संचालनालये प्रदेशवार आहेत. कोल्हापूर महाराष्ट्र संचालनालयाखाली येते, तर बेळगाव व गोवा कर्नाटक-गोवा संचालनालयाखाली. छात्रावर सक्रिय लष्करी सेवेचे बंधन नसते. तरीही 'बी' आणि 'सी' प्रमाणपत्रांसाठी उपस्थिती व शिबिरांची नोंद सलग असावी लागते. महाविद्यालय बदलणाऱ्या विद्यार्थ्याला शाळा सोडल्याच्या दाखल्याइतकीच या नोंदीची गरज असते, याकडे अनेकदा दुर्लक्ष होते.

चौथे, माजी सैनिकांचे कल्याण. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील नोंदणी आणि राज्य शासनाच्या सवलती या अधिवासाशी निगडित असतात. राज्य बदलले की सवलतींचे स्वरूपही बदलू शकते.

६. पलटण बदलता येते का?

प्रत्यक्ष प्रश्नाकडे वळताना अधिकारी आणि जवान यांच्यात भेद करणे आवश्यक आहे. अधिकारी हा राष्ट्रपतींच्या कमिशनवर असतो आणि त्याची नेमणूक देशातील कोणत्याही पलटणीत होऊ शकते. त्याचे घर आणि त्याची पलटण एकाच गावी असलीच पाहिजेत, असे नाही. २०११ मध्ये मानद लेफ्टनंट कर्नल झालेले क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी राहणारे रांचीचे, परंतु त्यांची १०६ वी पॅरा पलटण बंगळूरची आहे. त्यांचे पद मानद असले तरी वास्तव्य आणि पलटण यांची फारकत त्यातून स्पष्ट होते.

जवानांच्या बाबतीत तीन पर्याय संभवतात. पहिला पर्याय म्हणजे मूळ पलटणीतच राहणे आणि बोलावणे येईल तेव्हा हजर होणे. प्रांतिक पद्धतीच्या पलटणीत तो बहुधा सर्वांत सुकर असतो. दुसरा पर्याय म्हणजे नव्या वास्तव्याजवळच्या पलटणीत बदली मागणे. त्यासाठी मूळ पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरकडे लेखी अर्ज, नव्या पलटणीत रिक्त जागा आणि वरिष्ठ कार्यालयाची मान्यता अशा पायऱ्या असतात. ही बदली हक्क म्हणून मागता येत नाही. ती सेवेच्या सोयीनुसार दिली जाते. तिसरा पर्याय म्हणजे सेवामुक्ती घेऊन नव्या ठिकाणी पुन्हा भरती होणे. हा मार्ग वरकरणी सरळ वाटतो, परंतु त्यात वयोमर्यादा, शारीरिक चाचणी आणि मोठी स्पर्धा या साऱ्यांना पुन्हा सामोरे जावे लागते. मिळविलेली ज्येष्ठताही धोक्यात येते.

या तिसऱ्या मार्गाचे आर्थिक मोल लक्षात घेतले पाहिजे. प्रादेशिक सेनेत निवृत्तिवेतनासाठी एम्बॉडिमेंटच्या कालखंडांची बेरीज केली जाते. जवान व जे. सी. ओ. यांच्यासाठी ती १५ वर्षे आणि अधिकाऱ्यांसाठी २० वर्षे भरावी लागते. ज्याची अकरा-बारा वर्षे भरली आहेत, त्याने केवळ अंतराच्या अडचणीपायी सेवामुक्ती घेतली, तर तो आयुष्यभराच्या निवृत्तिवेतनाला मुकण्याची शक्यता असते. पानी राम विरुद्ध भारत संघ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पर्यावरण पलटणीतील जवानाला अपंगत्व निवृत्तिवेतनाचा हक्क मान्य केला. प्रादेशिक सेनेतील सेवा ही दुय्यम प्रतीची सेवा नव्हे, हे त्यावरून ध्यानात येते.

सर्वांत घातक मार्ग म्हणजे काहीच न कळविता निघून जाणे. घर बदलल्याने सदस्यत्व संपत नाही. बोलावणे जुन्या पत्त्यावर जाते आणि पुरेशा कारणाविना हजर न राहणे हा कायद्याने दंडनीय अपराध ठरतो. ही शक्यता केवळ कागदावरची नाही. मे २०२५ मध्ये केंद्र शासनाने प्रादेशिक सेना नियम, १९४८ मधील नियम ३३ अन्वये सेनाप्रमुखांना प्रादेशिक सेनेस पाचारण करण्याचे अधिकार दिले. त्या वेळी ३२ पायदळ पलटणींपैकी १४ पलटणींच्या एम्बॉडिमेंटची तरतूद करण्यात आली. अशा प्रसंगी जवान कोणत्या राज्यात राहतो हे विचारले जात नाही. त्याची पलटण कोणती, हेच पाहिले जाते.

७. नियोक्ता म्हणून महाविद्यालयाची भूमिका

प्रादेशिक सेना अधिनियमाच्या कलम ७ नुसार नागरी प्रशासनाच्या मदतीसाठी, अत्यावश्यक सेवांच्या रक्षणासाठी, प्रशिक्षणासाठी किंवा नियमित सैन्याच्या पूर्ततेसाठी सदस्याला बोलावता येते. कलम ७अ नुसार अशी सेवा संपल्यावर त्याला पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर पुन्हा कामावर घेणे हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे. नियोक्त्याने नकार दिल्यास प्रकरण सक्षम प्राधिकाऱ्यापुढे जाते आणि सहा महिन्यांच्या वेतनापर्यंत भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. कलम ७ब अन्वये भविष्य निर्वाह निधीसारखे हक्कही अबाधित राहतात.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. हे संरक्षण बोलावण्याच्या वेळी जो नियोक्ता असेल त्याच्या संबंधात मिळते. राज्य बदलताना जवान बहुधा नोकरीही बदलतो. नव्या संस्थेला त्याच्या सदस्यत्वाची कल्पनाच नसेल, तर बोलावणे आल्यावर रजेचा, बदली सेवकाचा आणि गैरसमजाचा प्रश्न एकाच वेळी उभा राहतो. म्हणून रुजू होतानाच ही माहिती लेखी देणे जवानाच्या हिताचे, आणि ती सेवापुस्तकात नोंदविणे संस्थेच्या हिताचे आहे. तसेच एखादा सेवक महाविद्यालय सोडून परराज्यात जात असेल, तर आतापर्यंतच्या सैनिकी रजांची नोंद त्याला प्रमाणित करून द्यावी. या साध्या कागदाने पुढील अनेक वाद टळू शकतात.

२०१९ च्या महापुरात कोल्हापूर व शिरोळ परिसरात सैन्य, नौदल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांच्या तुकड्यांनी काम केले. पंचगंगा-कृष्णेच्या काठची गावे, रस्ते आणि पाणी चढण्याची ठिकाणे ठाऊक असलेला माणूस अशा वेळी अनमोल ठरतो. स्थानिक पलटणीचे हेच बलस्थान आहे. परंतु माणसे स्थलांतर करतात, हेही तितकेच खरे आहे. पलटण मातीशी बांधलेली आणि माणूस पोटापाण्याशी, या दोहोंचा मेळ घालणे हाच पलटण-बदलाच्या प्रश्नाचा गाभा आहे.

८. निष्कर्ष

१) प्रादेशिक सेना केंद्राची असल्याने राज्य बदलल्याने सदस्यत्व संपत नाही आणि राज्य शासनाच्या संमतीचा प्रश्नही येत नाही.

२) खरा अडसर पलटण, रेजिमेंट, रिक्त जागा आणि प्रशिक्षणाची पद्धत यांचा असतो. कोल्हापूर-बेळगाव आणि कोल्हापूर-पुणे या दोन उदाहरणांवरून तो स्पष्ट होतो.

३) होमगार्ड, पर्यावरण पलटणी, छात्रसेना आणि माजी सैनिक कल्याण या क्षेत्रांत राज्यसीमेचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

४) सेवामुक्ती घेऊन पुनर्भरती होण्यापूर्वी एम्बॉडिमेंटच्या एकूण कालावधीचा हिशेब करणे अत्यावश्यक आहे. शक्यतो मूळ पलटणीत राहणे वा रीतसर बदली मागणे श्रेयस्कर होय.

५) महाविद्यालयांनी आपल्या सेवकवर्गातील प्रादेशिक सेनेच्या सदस्यांची नोंद ठेवावी, तसेच छात्रसेनेतील विद्यार्थ्यांना स्थलांतराच्या वेळी उपस्थितीचे प्रमाणित विवरण द्यावे.

देशसेवेची इच्छा असलेल्या नागरिकाला माहितीअभावी ती सेवा अर्ध्यावर सोडावी लागणे, हे त्याचे आणि राष्ट्राचे दोघांचेही नुकसान आहे. कायद्याने दिलेले संरक्षण त्याच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम ज्ञानदान करणाऱ्या संस्थांनी केले, तर ते त्यांच्या मूळ कार्याला साजेसेच ठरेल.